मदत हवी आहे : भाजीच्या वाफ्यात मेलेली घूस सापडली

नमस्कार मंडळी. आम्ही चिपळूणजवळ राहतो, परसात माठ, मुळा आणि कोथिंबिरीचा वाफा आहे. काल मुळे उपटताना घाण वास आला म्हणून खुरप्याने माती सारली, तर खाली घूस मेलेली. अर्धी कुजलेली, अळ्या वळवळत होत्या. हातमोजे घालून ती आणि भोवतीची टोपलीभर माती लांब, खोल खड्ड्यात पुरली, वर चुना टाकला. विहीर दुसऱ्या बाजूला आहे, त्यामुळे ती काळजी नाही.

खरी भीती लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची आहे. उंदीर-घुशींच्या मुतातले जंतू ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे टिकतात आणि पायाच्या भेगांतून अंगात शिरतात. सासूबाई वाफ्यात अनवाणीच उतरतात, आणि त्यांच्या टाचा फुटलेल्या. तूर्त त्यांना तिकडे फिरकू देत नाहीये. कडक ऊन लागून माती सुकली की हे जंतू मरतात, पण श्रावणात तसं ऊन आणायचं कुठून?

शिवाय आसपास घुशींसाठी औषध घालतात, रक्त न गोठू देणारं. ही त्यानेच मेली असेल तर ते मातीत उतरतं का? माठ आम्ही शिजवतो, पण मुळा-कोथिंबीर कच्चीच खातो.

वाफा किती दिवस मोकळा ठेवू? ब्लीचिंग पावडरने गांडुळं मरतील, त्याला मन धजत नाही. नुसत्या चुन्यावर भागेल का? आणि उभी भाजी काढून टाकू की चालेल? कुणी कृषी खात्यातलं किंवा डॉक्टर असाल तर कृपया नक्की सांगा.