काजूच्या जाहिराती टाकायलोय पण लोक थांबतच नाहीत, सल्ला द्या

रानमेवा_जांबोटी
नमस्कार मंडळी. आमचं जांबोटी भागात काजूचं छोटं युनिट आहे, बी उकडायची, कटरवर फोडायची, वाळवून साल काढायची, ग्रेड करायचं, सगळं घरचंच काम, आई, वहिनी आणि गावातल्या काही बायका. आजवर माल बेळगावच्या होलसेलवाल्याकडं जायचा, आता म्हटलं थेट गिऱ्हाईकाला विकून बघूया, म्हणून फेसबुक आणि इन्स्टावर जाहिराती चालू केल्यात. डिझाईनवाल्याकडून पोस्टर करून घेतलंय, सोनेरी बॅकग्राउंड, मधी काजूची वाटी, वर "शुद्धतेची परंपरा" आणि खाली नंबर. पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं बूस्ट बटण दाबलं की लाईक येतात, कोण कुठले लोक अंगठा दाखवून जातात, पण फोन काय वाजत नाही. एका एजन्सीवाल्यानं महिन्याचं पॅकेज सांगितलं ते ऐकून गप्प घरी आलो. लोक बघत थांबतील अशी जाहिरात आपली आपण कशी करायची? बजेट लहान आहे.

कॅमेरावाला_शहापूर
भावा, पहिलं ते पोस्टर काढ. "शुद्धतेची परंपरा" हे तेलवाला पण लिहितो, अगरबत्तीवाला पण लिहितो आणि चहावाला पण. तुझं नाव खोडून दुसऱ्याचं घातलं तरी जाहिरात तशीच चालत असेल तर तिच्यात तुझं काय आहे सांग की.

तुझ्याकडं कटर आहे ना, मग काय पाहिजे अजून. लोकांनी काजू पाकिटातलाच बघितलेला असतो, बी फोडताना बघणारे किती? मोबाईल उभा धर, खिडकीचा उजेड बाजूनं येऊ दे, आणि पहिलाच शॉट एकदम जवळून, पात्यात बी ठेवली, पाय दाबला, कट्ट, टरफल दोन फाकांत उघडलं आणि सुईच्या टोकानं अख्खा गर बाहेर. नमस्कार नाही, लोगो नाही, ड्रोन तर अजिबात नाही. लोक अंगठा सरकवत असतात, दोन-तीन सेकंदांत डोळा अडकला तर अडकला, नायतर पुढचं कितीही भारी असू दे, गेलंच. टरफलातल्या तेलानं हात भाजतात, बायका हातमोजे घालून काम करतात ते पण दाखव, हे कोणाला माहीत नसतं.

आणि सिनेमाचं गाणं लावू नको. धंद्याच्या अकाउंटला बरीच गाणी वापरायची परवानगीच नसते, आवाज बंद करून टाकतात. मेटाची, म्हणजे फेसबुक-इन्स्टाच्या कंपनीची, स्वतःची साउंड लायब्ररी आहे, पण मी म्हणतो कटरचा आवाजच ठेव. तरीपण बरेच लोक आवाज बंद ठेवूनच बघतात, त्यामुळं स्क्रीनवर मोठ्या अक्षरात एक ओळ पाहिजेच, "जांबोटीचा काजू, फोडणाऱ्याकडून थेट" असलं काहीतरी. रीलमध्ये खालचा तिसरा भाग मोकळा सोड, तिथं नाव आणि बटणं येतात, अक्षरं झाकली जातात.

निपाणीकर
अक्षरं कमीच ठेवा, फोटोत 20 टक्क्यांपेक्षा जास्त मजकूर असला की फेसबुक जाहिरात अडवतंय.

टिळकवाडी_कट्टा
काका, तो नियम 2020 मध्येच काढला. अडवत नाहीत आता, पण कमी अक्षरं ठेवा हे बरोबर. फोटोच्या वरचा मजकूर पण साधारण 125 अक्षरांनंतर कापला जातो, पुढं "आणखी पाहा" येतं आणि ते कोण दाबत नाही. म्हणून "सणासुदीच्या हार्दिक शुभेच्छा" नं सुरुवात करू नका, काय आहे, कुठलं आहे, केवढ्याला आहे ते आधी.

जांबोटी दादा, तुमचे अंगठे कुठून येतात ते सांगतो. बूस्ट केलं की बहुतेक वेळा फेसबुकचं मशीन लाईक-कमेंट करणारीच माणसं शोधत बसतंय, कारण तुम्ही तेच मागितलंय. अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये, म्हणजे जाहिराती लावायच्या फेसबुकच्या पानावर, जावा, तिथं उद्देश निवडताना असा निवडा की लोक व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज करतील. जाहिरातीखाली व्हॉट्सअ‍ॅपचं बटण येतं, माणूस थेट तुमच्याशी बोलतो. बिझनेस व्हॉट्सअ‍ॅप घ्या, कॅटलॉग टाका, रात्री मेसेज आला तर आपोआप उत्तर जाईल असं सेट करा. आणि हिशोब करताना जाहिरातीच्या खर्चावर 18 टक्के जीएसटी धरा.

दुसरं, आपल्या भागातली खास गोम. राज्य म्हणून "कर्नाटक" निवडलं तर पैसे बेंगळूरला जातात आणि पलीकडचं, महाराष्ट्रातलं शिनोळी, चंदगड सुटतं, "महाराष्ट्र" निवडलं तर जाहिरात नागपूरला फिरून येते. आपला सीमाप्रश्न सुटायचा तेव्हा सुटूदे, तुम्ही नकाशात बेळगाववर पिन टाका आणि भोवती किलोमीटर द्या. 80 किलोमीटरपर्यंत जाता येतं, त्यात खानापूर, चंदगड, संकेश्वर, निपाणी, धारवाडची बाजू सगळं येतंय. पण लहान बजेटला एवढं पसरू नका, आधी शहर आणि आसपास.

भाषेच्या खान्यात "मराठी" घालायचा मोह होईल. नका घालू. तो खाना मुख्यतः माणसानं फेसबुक कुठल्या भाषेत ठेवलंय ते बघतो, आणि आपल्यातल्या किती जणांचा फोन मराठीत आहे? घरात मराठी, फोन इंग्लिश. निम्मं गिऱ्हाईक तिथंच जाईल.

वडगावची_सून
दादा, मी घेणारी म्हणून सांगते. भाव लिहा. "भावासाठी इनबॉक्स करा" दिसलं की मी पुढं जाते, वाटतं माणूस बघून रेट सांगणार. आणि ग्रेड समजावून सांगा. 240, 320 हे आकडे दुकानात ऐकते पण बऱ्याच वर्षांनी कळलं की एका पौंडात, म्हणजे साधारण 454 ग्रॅममध्ये किती गर बसतात तो आकडा. 320 म्हणजे 300 ते 320 गर. आकडा लहान तेवढा काजू मोठा, हे उलटं असल्यामुळं बायका फसतात. एका हातात 180 आणि दुसऱ्या हातात 320 धरून दाखवा, आम्ही बघत थांबू. पाकळी आणि तुकडा पण दाखवा, शिऱ्याला, ग्रेव्हीला अख्खा काजू कशाला पाहिजे, उगी महाग. ही गोष्ट विकणारा स्वतः सांगतोय म्हटलं की विश्वास बसतो.

चंदगडी_पाहुणा
पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न परवान्याचा, 14 आकडी नंबर आहे न्हवं? तो पण दिसू दे. पाकिटावर नंबर नसलेला माल ऑनलाइन मी तरी घेत नाही. आणि काजू खाऊन साखर उतरते वगैरे लिहू नका, उगी झंझट.

रानमेवा_जांबोटी
नंबर आहे. कटरचं डोक्यातच आलं नव्हतं, रोज बघतो म्हणून आम्हाला त्यात काय विशेष वाटत नाही. भावाचं अवघड आहे ताई, उघड लिहिला तर होलसेलवाला तोंड फिरवील, अजून निम्मा माल त्यालाच जातोय. आणि कन्नडचं काय करायचं? अर्धं शहर कन्नड बोलतंय, एकाच जाहिरातीत दोन्ही लिहू काय?

टिळकवाडी_कट्टा
दोन्ही एकत्र नको, कोणालाच धड वाचता येत नाही. व्हिडिओ तोच, आवाज आणि ओळ वेगळी, दोन जाहिराती. कन्नड बोलायला गावातल्याच कोणाला तरी धरा, ट्रान्सलेटवर टाकून काढू नका, लगेच कळतंय. कमेंटमध्ये मात्र लक्ष ठेवा. काजूच्या खाली पण "मराठीत का", "कन्नडमध्ये का" सुरू होतं, हे मी बघितलंय. पेजच्या सेटिंगमध्ये शब्द घालून ठेवले की त्या कमेंट आपोआप लपतात. वाद घालत बसू नका, तिकडं कोण बघून पाकीट घेत नाही.

गूगलवर कधी केली तर बेळगाव आणि बेळगावी दोन्ही स्पेलिंग टाका. नाव 2014 मध्ये बदललं तरी अर्धी जनता जुनंच टाईप करते.

भावाचं म्हणाल तर पाव किलोच्या पाकिटाचा लिहा, होलसेलवाला किलोवर, पोत्यावर बोलतो, त्याची तुलना होत नाही.

कॅमेरावाला_शहापूर
आणि एकच व्हिडिओ करून थांबू नको. बाकी सगळं तसंच ठेवून सुरुवात तेवढी बदल, एक कटरची, एक त्या ताई म्हणतात तशी दोन हातांची, एक आईच्या बोलण्याची. मग रिपोर्टमध्ये तीन सेकंद बघणारे किती ते बघ, त्याला जाहिरात किती वेळा दिसली त्यानं भाग. 10000 वेळा दिसली आणि 2500 वेळा तीन सेकंद बघितली तर 25 टक्के. जी पुढं ती ठेव, बाकी बंद. पण तीन सेकंद भरपूर आणि मेसेज शून्य असं झालं तर सुरुवात चांगली आहे, पुढं माल किंवा भाव पटत नाही असं समज. दोन दिवसांत निकाल लावू नको, मशीनला शिकायला वेळ लागतो.

निपाणीकर
एवढं सगळं करण्यापेक्षा शनिवारी खडेबाजारात टेबल लावा, संध्याकाळपर्यंत माल खपतोय.

चंदगडी_पाहुणा
काका, टेबलवर पण कटर ठेवला तरच गर्दी होणार.

वडगावची_सून
मेटाची अ‍ॅड लायब्ररी बघितली का कोणी? फुकट असते, काजू टाकून शोधलं की कोणाच्या जाहिराती चालू आहेत आणि कधीपासून ते दिसतं. जी बरेच महिने चालू आहे ती बहुतेक पैसे देत असणार. माझा भाऊ साड्यांचं तसंच बघून करतो. तसलीच करू नका, सगळे काय करतात ते कळलं की आपण काय नको ते कळतं.

रानमेवा_जांबोटी
बघतो आज रात्री. दिवाळीच्या तोंडावर जोरात लावायचा विचार आहे, बरोबर काय?

टिळकवाडी_कट्टा
तेव्हा सगळेच लावतात आणि जाहिरातीची जागा लिलावानं मिळते, म्हणून महाग पडते. गणपतीच्या आधीच सुरू करा, मोदकाला काजू लागतोच. दिवाळीत जुन्या गिऱ्हाईकांना व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं विचारायचं, किती पाठवू.