रांगेत उभं राहिलेल्यांचं काय? अमेरिकेतल्या 'सरसकट माफी'बद्दल

पार्लेकर
विषय सातासमुद्रापारचा आहे, पण आमच्या घरात तो रोज जेवायला बसतो. धाकटा भाऊ २०१० मध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर बायको-मुलीसह न्यू जर्सीला गेला. पुतणी तेव्हा ५ वर्षांची होती. २०१५ ला कंपनीनं ग्रीन कार्डाचा अर्ज टाकला, तो नंबर अजून आलेला नाही. नोकरीच्या कोट्यातून वर्षाला साधारण १,४०,००० कार्डं निघतात, त्यात बायकामुलंही मोजली जातात आणि वर जन्माच्या देशावरून ७ टक्क्यांची मर्यादा. भारत असो की आइसलँड, खिडकी तेवढीच! येत्या फेब्रुवारीत पुतणीला २१ पूर्ण होतील आणि बापाच्या अर्जातून ती गळेल. अर्ज तपासण्यात गेलेले जे काही महिने वयातून वजा करू देतात, ते धरूनही.

आता मुद्दा. रविवारी कट्ट्यावर एक मित्र म्हणाला, कागदपत्रांशिवाय राहणाऱ्यांना एकदाचं कायदेशीर करून टाकावं, माणुसकी म्हणून. मी तिथंच उखडलो. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगननं माफीच्या कायद्यावर सही केली आणि सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले. आज तिथं बिनकागदाचे एक कोटीहून जास्त आहेत. एकदा माफ केलं की पुढचा येणारा पुढच्या माफीच्या भरवशावरच येतो.

२०२१ ला अण्णा गेले तेव्हा भाऊ आला नाही. आला असता तर परतताना बीकेसीच्या वकिलातीत व्हिसा स्टॅम्पिंगची तारीख कधी मिळेल याचा भरवसा नव्हता, आणि नोकरी गेली की सगळंच गेलं. व्हिडिओवर अग्नी बघितला त्यानं. नियम पाळून त्याला हे मिळालं. मग त्याला काय सांगू, मूर्ख होतास म्हणून?

घाटकोपर_फास्ट
अण्णांचं वाचून वाईट वाटलं. पण पार्लेकर, राग चुकीच्या माणसावर निघतोय. ७ टक्क्यांचा नियम अमेरिकेच्या संसदेनं केला. टेक्ससमध्ये छपरं घालणाऱ्या मजुरानं नाही. तुमच्या भावाचं कार्ड त्यानं पळवलेलं नाही.

आणि 'रांगेत उभं राहा' म्हणताना त्यानं कुठल्या रांगेत उभं राहायचं तेही सांगा. तुमच्या भावाकडे इंजिनिअरिंगची पदवी होती. ग्वाटेमालातल्या शेतमजुरासाठी, म्हणजे बिनकौशल्याच्या कामासाठी, त्या १,४०,००० मध्ये कायद्यानं वर्षाला जास्तीत जास्त १०,००० जागा आहेत. त्याही सगळ्या जगात मिळून, आणि बायकामुलं धरून.

पार्लेकर
रांग नाही म्हणून घरात घुसायचं? बँकेत खिडकी बंद असली तर आपण काउंटरवरून उडी मारतो का?

कांदिवली_पूर्व
पार्लेकरांशी शंभर टक्के सहमत. अमेरिकेचं कशाला, आपल्याकडे बघा ना. झोपडपट्टी पुनर्वसनात आधी १९९५ पर्यंतच्या झोपड्या पात्र होत्या. मग तारीख २००० झाली, मग पैसे भरून २०११. प्रत्येक वेळी 'ही शेवटची'. मी आणि माझे यजमान म्हाडाच्या लॉटरीत नऊ वेळा अर्ज भरून हरलो. शेवटी वनरूम किचनसाठी वीस वर्षं हप्ते फेडले. आमच्या समोरच्या टॉवरमध्ये फुकट घरं वाटली तेव्हा पोटात तुटलं, खोटं कशाला बोलू?

गच्चीवरून
ताई, त्या 'फुकट' घरात मी राहतो. म्हणजे तुमच्या समोरचा टॉवर नाही, भांडुपचा, पण ३०० चौरस फूट तेच.

१९७२ च्या दुष्काळात वडील माण तालुक्यातून आले. गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. त्या पगारात मुंबईत भाड्यानं खोली मिळायची कुठली रांग होती, तुम्हीच सांगा. डोंगराच्या उतारावर चार पत्रे ठोकले. १९८२ च्या संपात गिरणी सुटली, पत्रे राहिले. फोटोपास, म्हणजे झोपडीचा सरकारी पुरावा, आईनं पंचवीस वर्षं प्लास्टिकमध्ये गुंडाळून गव्हाच्या डब्यात ठेवला होता. पावसात घरातलं सगळं भिजायचं, तो नाही. तुमचे हप्ते खरेच आहेत, पण तुम्ही भरत होता तेव्हा आम्हीही काही फुकटात राहत नव्हतो. पाण्याच्या हंड्याला पैसे, मोरीला पैसे, आणि पाडकाम पथक येणार कळलं की 'सांभाळून घ्यायला' पैसे.

कांदिवली_पूर्व
दादा, तुमच्या आईबद्दल माझ्या मनात काही नाही. पण तुमचे वडील आपल्याच राज्यात आले होते. दुसऱ्या देशात चोरून शिरणं आणि माणहून भांडुपला येणं एक कसं?

गच्चीवरून
एक नाहीच, मान्य. झोपडीची तुलना तुम्हीच आणलीत, मी फक्त आतून कशी दिसते ते सांगितलं.

चिपळूणचा_मुंबईकर
सगळेच 'चोरून शिरलेले' नसतात. मेव्हणा दुबईत होता. कंपनी बुडाली, पासपोर्ट मालकाकडे, व्हिसा संपला, रोजचा दंड चढत गेला. २०२४ च्या सप्टेंबरपासून डिसेंबरअखेर अमिरातीनं माफी दिली: दंड माफ, एक तर बंदीचा शिक्का न बसता घरी जा किंवा इथंच कागद नीट करा. तो घरी आला. आता चिपळूणला रिक्षा चालवतो. यात कुणावर अन्याय झाला? अमेरिकेतही पुष्कळजण रीतसर व्हिसावर गेलेले आणि मुदत उलटून राहिलेले आहेत. आणि एकूण बिनकागदाच्यांत आपलेही असतात. २०२५ च्या फेब्रुवारीत लष्करी विमानानं अमृतसरला १०४ भारतीय उतरवले, त्यांत तिघे महाराष्ट्रातले होते.

पार्लेकर
असल्या माफीला माझा विरोध नाही. दंड माफ करून घरी जाऊ देणं वेगळं, बक्षीस देणं वेगळं. आणि बक्षिसाचंच बोलायचं तर २०१२ ची 'डाका' योजना बघा. लहानपणी आणलेल्या मुलांना संरक्षण, छान. पण अट अशी की १५ जून २०१२ ला त्या मुलाकडे कायदेशीर व्हिसा *नसावा*. म्हणजे पुतणी कायदेशीर होती म्हणूनच बाद!

नीरस_वकील
एक दुरुस्ती. त्याच योजनेत १५ जून २००७ पूर्वीपासून अमेरिकेत असण्याचीही अट होती. पुतणी २०१० ला गेली, ती तशीही बसली नसती. शिवाय डाकानं ग्रीन कार्ड मिळत नाही, दोन-दोन वर्षांची मुदत मिळते. तत्त्व म्हणून मात्र तुमचा मुद्दा बरोबर आहे. व्हिसावर आलेलं मूल वगळणं विचित्रच होतं.

(मी इमिग्रेशनचा वकील नाही. दिवाणी कोर्टात भाडेकरूंचे दावे चालवतो, त्यामुळे कट-ऑफ तारखांशी जुनी ओळख आहे.)

१९८६ बद्दल दोन्ही बाजू अर्धं सांगतायत. १ जानेवारी १९८२ पूर्वीपासून सलग राहिल्याचा पुरावा देणारे, आणि वेगळ्या अटींवर शेतमजूर, अशांना तेव्हा संधी मिळाली. ती कार्डं वार्षिक कोट्याबाहेरची होती, तेव्हा घाटकोपर_फास्ट इथपर्यंत बरोबर. पण कायदेशीर झाल्यावर त्यांनी बायकामुलांसाठी अर्ज केले आणि *ती* रांग फुगली. म्हणून १९९० च्या कायद्यात तीन वर्षं दरसाल ५५,००० जादा व्हिसा त्या कुटुंबांसाठी काढावे लागले. रांगेवर परिणाम होतच नाही, हे खरं नाही.

आणि पार्लेकर, एक कोटीचा आकडा माफीमुळेच झाला असं म्हणताना त्याच कायद्याची दुसरी बाजू राहते. बेकायदा माणूस कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड होता. पण कागद वरवर खरा दिसला की मालक सुटला. काम मिळत राहिलं, माणसं येत राहिली.

घाटकोपर_फास्ट
ठीक, रांगेचा मुद्दा मागे घेतो. अर्धा. मग माफीची आणि कोट्याची सांगड घाला ना. २०१३ मध्ये सिनेटनं ६८ विरुद्ध ३२ नं जे विधेयक मंजूर केलं त्यात तेच होतं. बेकायदा राहणाऱ्यांनी दंड भरायचा, बहुतेकांना ग्रीन कार्डासाठी दहा वर्षं थांबायचं, आणि आधीच्या रांगेतल्यांचा निकाल लागल्यावरच त्यांची पाळी. देशांची मर्यादाही नोकरीच्या कोट्यातून काढणार होते. खालच्या सभागृहानं ते मतालाही घेतलं नाही. तुमच्या भावाला सगळ्यात जास्त फायदा झाला असता, पार्लेकर. ते पडलं 'माफी नको' या घोषणेखाली.

पार्लेकर
हे मला माहीत नव्हतं. भावालाही नसेल, तो २०१३ ला नुसता कोडिंग करत होता.

तरी माझं म्हणणं तेच: आधी रांग संपवा, मग माफीचं बोला. दोन्ही एकाच कागदावर असेल तर वाचून बघेन, सही आत्ताच करत नाही.

कांदिवली_पूर्व
पुतणीचं पुढे काय?

पार्लेकर
विद्यार्थी व्हिसाचा अर्ज गेलाय. तो मंजूर झाला तर शिक्षण संपेपर्यंत निभेल. भावाचं डोकं आता कॅनडाकडे लागलंय. आईनं मात्र माळ्यावरची गादी काढून उन्हात टाकली आहे, पोरगी येणारच आहे असं धरून. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून आई रोज संध्याकाळी फोनवर तिची बाराखडी घेते.