युरोपातल्या एका देशातून दुसऱ्या देशात बस्तान हलवताना: कागदपत्रं आणि बाकीची धावपळ (अनुभव धागा)

घाटावरची

नमस्कार मंडळी. भारतातून पहिल्यांदा बाहेर पडताना काय काय लागतं यावर ढिगाने लिहून झालंय. पण युरोपात एकदा संसार मांडल्यावर तो उचलून शेजारच्या देशात न्यायचा म्हटलं की नातेवाईकच काय, इथले मित्रपण म्हणतात की तुम्ही तर युरोपातच आहात, बॉर्डरवर कोण विचारतंय. बॉर्डरवर खरंच कोणी विचारत नाही. त्यानंतर मात्र जो भेटेल तो विचारतो. तर ज्यांनी असं केलंय त्यांनी आपापले अनुभव टाका, लांबलचक असले तरी चालतील.

सुरुवात मीच करते. आम्ही नेदरलँड्सहून जर्मनीत आलो, नवऱ्याचा जॉब बदलला म्हणून. आमच्याकडे डच केनिसमिग्रांट परमिट (कुशल कामगारांना मिळणारं) होतं, बहुतेक आयटीवाल्यांकडे तेच असतं कारण कंपनीला ते पटकन मिळतं. पण ते फक्त डच परमिट, जर्मनीत त्याचा उपयोग नव्वद दिवस फिरण्यापुरता. आमच्या खालच्या मजल्यावरचा तेलुगू मुलगा ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांसाठीचं युरोपियन युनियनचं वर्क परमिट) होता, तोही जर्मनीतच गेला. ब्लू कार्डवर 12 महिने काढले की युरोपियन युनियनमधल्या दुसऱ्या देशात व्हिसा न काढता जाता येतं आणि पोचल्यापासून महिन्याच्या आत तिकडे अर्ज करायचा असतो (डेन्मार्क आणि आयर्लंड सोडून, ते या भानगडीत नाहीत). आम्हाला मात्र नेदरलँड्समध्ये बसून जर्मनीचा नॅशनल व्हिसा काढावा लागला, पार डिग्री सर्टिफिकेटपासून सगळं पुन्हा. पगार बसत असेल तर एचआरच्या मागे लागून ब्लू कार्डच मागून घ्या, ते काही आपणहून देत नाहीत.

दुसरं म्हणजे लायसन्स. नेदरलँड्समध्ये 30 टक्के रुलिंगवाल्यांना (म्हणजे बाहेरून कामाला आलेल्यांची टॅक्स सवलत ज्यांना असते त्यांना) आपलं भारतीय लायसन्स देऊन टेस्टशिवाय डच लायसन्स मिळतं, नवरा ते गुलाबी कार्ड सगळ्यांना दाखवत हिंडायचा. त्या कार्डाच्या मागच्या बाजूला बाराव्या कॉलममध्ये बारीक अक्षरात 70 असा कोड असतो आणि त्यापुढे भारताची तीन अक्षरं. म्हणजे हे लायसन्स बदलून घेतलेलं आहे. जर्मनीच्या यादीत नसलेल्या देशाचं लायसन्स परीक्षा न देता बदललेलं असेल तर जर्मनी ते मानत नाही, आणि भारत त्या यादीत नाही. तेव्हा साहेब सध्या फारशूलला, म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलला, जाताहेत आणि घरी थिअरीचे प्रश्न लेक विचारते.

लिंबूटिंबू

आम्ही उलटे, जर्मनीहून स्वीडनला. ताई, तुम्ही जाण्याचं लिहिलंत, मी निघण्याचं लिहितो कारण आमची जास्त दमछाक तिथे झाली.

जर्मनीत घर सोडायची नोटीस तीन महिन्यांची, आणि नवीन नोकरी काय तीन महिने थांबत नाही त्यामुळे दोन्हीकडे भाडं भरलं. मालकीणबाई टॉर्च घेऊन भिंती बघत होत्या, पडद्याच्या रॉडचं भोक बुजवलं होतं तिथे बोट फिरवून म्हणाल्या इथे रंगाची शेड वेगळी आहे. शेवटच्या दिवशी गाडीत सामान भरून झालेलं आणि मी रोलर घेऊन स्टुलावर. डिपॉझिट बऱ्याच उशिरा आलं, तेही सगळं नाही.

मग अबमेल्डुंग, म्हणजे नगरपालिकेतून नाव काढून घेणं. निघायच्या जास्तीत जास्त एक आठवडा आधी करता येतं आणि गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत करायलाच लागतं. त्याचा जो कागद मिळतो तो सोन्यासारखा जपा. रेडिओ-टीव्हीची फी दर महिना 18.36 युरो, घरात टीव्ही नसला तरी, आणि तुम्ही देश सोडलाय हे त्यांना त्याच कागदावरून पटतं. इन्शुरन्सवाल्यांना, जिमला, सगळ्यांना तोच लागतो.

आणि ते व्हॉट्सअप ज्ञान की जर्मनी सोडली की पेन्शनचे पैसे परत मिळतात. मिळतात, पण युरोपियन युनियनच्या बाहेर गेलात, पाच वर्षांपेक्षा कमी भरलंय आणि वर दोन वर्षं थांबलात तर. स्वीडनला जाणाऱ्याला रिफंड नाही, वर्षं पुढे जोडली जातात. मग निदान आपल्या वर्षांचा हिशेब निघायच्या आधी पेन्शनवाल्यांकडून कागदावर मागून घ्या.

स्वीडनमध्ये सगळं पर्सोननुमरवर (आपल्या आधारसारखा ओळख नंबर) अडतं. वर्षभर किंवा जास्त राहणार असाल तर टॅक्स ऑफिसात नोंदणी होते आणि तो नंबर मिळतो, मग बँक, मग बँकआयडी (ऑनलाइन ओळख पटवायची सोय), आणि बँकआयडी नसेल तर साधं पार्सल सोडवताना पण लोक आपल्याकडे दयेने बघतात. लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला ओरिजिनल जवळ ठेवा, बोटीने येणाऱ्या सामानात टाकू नका.

सांगलीची सासू

मी कुठे गेले नाही, इथेच आहे. पण सूनबाई आयर्लंडहून नेदरलँड्सला निघाली तेव्हा तिच्या जन्मदाखल्यासाठी चपला मीच झिजवल्या, म्हणून लिहिते. डच लोकांना नगरपालिकेत नाव घालताना जन्मदाखला लागतो, तोही अपोस्टिल केलेला, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का मारलेला. आयर्लंडला कोणी विचारला नव्हता.

तिचा जन्म आजोळचा, मिरजेच्या पुढच्या एका खेड्यात. ग्रामसेवकाने कपाटातून नोंदवही काढली, कडा उंदरांनी कुरतडलेल्या, पण नोंद सापडली. बापाचं नाव आहे, आईचं नाव आहे, तारीख आहे, आणि बाळाच्या नावाच्या जागी नुसतं 'स्त्री'. बारशाच्या आधी नोंद झाली आणि नंतर कोणी फिरकलंच नाही, त्या काळच्या अर्ध्या दाखल्यांची हीच गत आहे. मग शाळा सोडल्याचा दाखला, आईबापाचं प्रतिज्ञापत्र, ते सगळं जोडून नाव चढवलं. तेवढ्यात विहीणबाईंच्या आधारवर त्यांचं नाव सुनंदा आणि वहीत सुनंदाबाई! त्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र. दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत मागितला. मग मंत्रालयात अटेस्टेशन आणि त्यानंतर परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल, ते एजंटकडून केलं.

पोरांनो, आईवडील धडधाकट आहेत तोवर जन्माचे आणि लग्नाचे दाखले नीट करून घ्या, दुसऱ्या देशात जायचं असो नसो. आणि अथॉरिटी लेटर सही करून पाठवत जा, फोनवर "आई जरा बघ ना" म्हणून खिडकीवरचा माणूस ऐकत नाही.

घाटावरची

काकू __/\__ . एक भर घालते. तुम्ही केलेलं अपोस्टिल डच लोकांना चालतं, पण जर्मनीने भारताच्या अपोस्टिलला हरकत घेतलेली आहे, त्यामुळे तेच शिक्का मारलेले दाखले घेऊन आम्ही इकडे आलो तर शिक्क्याकडे कोणी बघितलं पण नाही, जर्मन भाषांतर मागितलं, तेही शपथ घेतलेल्या भाषांतरकाराचं. मराठी-जर्मन असे लोक मोजकेच, इंग्रजी-जर्मन भरपूर. म्हणून दोन भाषांतला दाखला हे काकूंचं अगदी बरोबर.

पेडणेकार

आमची गोष्ट जरा वेगळी, गोव्याची. आजोबा 1961च्या आधी गोव्यात जन्मलेले, त्यामुळे त्यांची आणि मग बाबांची नोंद लिस्बनला होऊन माझ्यापर्यंत पोर्तुगीज नागरिकत्व आलं. ब्रेक्झिटच्या आधी इंग्लंडमध्ये स्विंडनला पोचलो, तिथे निम्मं गोवा आहे, सेटल्ड स्टेटस (ब्रिटनमध्ये कायम राहायची परवानगी) मिळालं. आता डब्लिनला काम मिळालं म्हणून आयर्लंड.

मला परमिट नको, युरोपियन नागरिक म्हणून थेट काम करू शकतो. बायको भारतीय पासपोर्टवर, तिला माझ्यामुळे स्टॅम्प फोरचं कार्ड (राहायची आणि काम करायची परवानगी) मिळतं, फॅमिली व्हिसाची फीसुद्धा नाही. फी नाही पण नातं सिद्ध करायला लागतं आणि तिथे आमच्या नावांनी घोळ घातला. आजोबांचा शंकर पोर्तुगीज नोंदीत एक्सने सुरू होतो आणि आडनावाच्या शेवटी के नाहीच, क्यू-यू-ई आहे. बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर एस आणि के. माझ्या पोर्तुगीज पासपोर्टवर आजोबांसारखं आडनाव, बायकोच्या भारतीय पासपोर्टवर नवऱ्याचं नाव म्हणून जुनं स्पेलिंग. म्हापशाला वकिलाकडून 'वन अँड द सेम पर्सन'चं प्रतिज्ञापत्र केलं, लग्नाचा दाखला नव्याने काढला, तेव्हा कुठे फाईल हलली.

ब्रिटनचं सेटल्ड स्टेटस सलग पाच वर्षं बाहेर राहिलात तर जातं, म्हणून अधूनमधून फेरी मारणार. भारतीय पासपोर्ट मात्र सरेंडर करायलाच लागतो, दोन्ही ठेवता येत नाहीत. तो लपवून ठेवणारे मी बघितलेत, पुढे ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) काढताना घाम फुटतो.

मनीची_आई

कोणी प्राण्यांचं लिहिलं नाही म्हणून पटकन. युरोपियन युनियनच्या आतल्या आत सोपं आहे: चिप, रेबीजची लस (पहिली असेल तर 21 दिवस थांबा) आणि पेट पासपोर्ट. भारतातून आणत असाल तर लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त तपासायचं, तेही मान्यताप्राप्त लॅबमध्ये, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. चिप लसीच्या आधी बसवा, नंतर बसवलीत तर ती लस धरत नाहीत. आमची मनी पुण्याहून फ्रान्सला आली आणि तिथून बेल्जियमला, दुसऱ्या वेळी कारमध्ये मागच्या सीटवर झोपून.

दोन_पोरांचा_बाप

घाटावरची ताई, लेकीच्या शाळेसाठी गोवराच्या लसीचा पुरावा तयार ठेवलाय ना? जर्मनीत 2020पासून शाळेला आणि किटाला (पाळणाघर-बालवाडीला) तो लागतोच, दोन वर्षांच्या वरच्या मुलांना दोन डोस. आमच्याकडे भारतातलं लसीकरणाचं कार्ड होतं, डॉक्टरांच्या अक्षरातलं, त्यावर दुसऱ्या डोसची तारीख चहाच्या डागाखाली. इथल्या बालरोगतज्ज्ञांनी रक्त तपासून सर्टिफिकेट दिलं.

आणि सगळ्यांसाठी, जुन्या देशातलं सिम लगेच बंद करू नका. टॅक्सचं, बँकेचं, सगळ्यांचं ओटीपी त्याच नंबरवर येतं, आणि निघालेल्या वर्षाचा टॅक्स तर पुढच्या वर्षी भरायचा असतो. भारतातलं सिमपण रिचार्ज करत राहा. माझ्याकडे सध्या तीन सिम आहेत आणि फोनला जागा दोन, तिसरं बायकोच्या जुन्या फोनमध्ये फ्रीजवर ठेवलंय.

घाटावरची

दादा, लस आहे पण कार्ड आईकडे कऱ्हाडला आहे. आजच फोटो मागवते.