भरड वाळूच्या पुळणीत जीव इतके कमी का?

वाळूचाळ: कोकणातल्या शेजारशेजारच्या दोन पुळणी. दोन्हीकडे 15 सेंमी व्यासाचा पाइप 20 सेंमी खोल, भरतीरेषेपासून ओहोटीरेषेपर्यंत पाच पातळ्यांवर तीन-तीन नमुने, 1 मिमीची चाळणी. सपाट, बारीक वाळूत शिंपले, किडे, खेकडे भरपूर. उताराच्या भरड वाळूत जेमतेम दोन-तीन जाती. अन्न कमी पडतं का?

उधाण_भांग: अन्नाआधी लाट बघा. सपाट पुळणीवर लाट लांब फुटते, जोर वाटेतच जिरतो. उतारावर ती पायाशीच फुटते, पाणी सारखं वर-खाली होतं आणि वाळू लगेच कोरडी पडते. शिंपल्याला दोन लाटांच्या मधे पुरून घ्यायला वेळच मिळत नाही. मोजायला सोपं आहे: ओली चकाकणारी वाळू जिथे संपते, ती रेघ 5 मिनिटांत किती लाटा ओलांडतात ते मोजा. उतारावर हा आकडा बराच जास्त येईल.

उतारासाठी सारख्या उंचीच्या दोन काठ्या आणि 2 मीटर दोरी पुरे. जमिनीकडच्या काठीमागे उभं राहून समुद्राकडच्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवा. ती रेषा जवळच्या काठीला टोकापासून जितकी खाली छेदते, तितका 2 मीटरमागे उतार. धुकं असेल तर त्या दिवशी नाद सोडा.

चाळणीवाला: पटलं, पण आधी नमुना तपासा. 15 सेंमीचे 15 पाइप म्हणजे जेमतेम पाव चौरस मीटर. विरळ जाती त्यात सुटणारच. शिवाय भरड वाळू 1 मिमीच्या चाळणीवर अडकते आणि जीव तिच्यात हरवतात. बादलीत ढवळून वरचं पाणी चाळणीत ओता, असं पाच वेळा. शिंपले जड, ते तळाशीच राहतात. म्हणून उरलेली वाळू ट्रेमध्ये पसरून हातानं बघावीच लागते. इथेच बहुतेकांची मोजणी चुकते.

वाळूचाळ: मग 0.5 मिमीची चाळणी घेऊ?

चाळणीवाला: बारीक वाळूत चालेल, भरड वाळूत जवळजवळ सगळी वाळूच वर राहील. आणि घ्याल ती दोन्हीकडे एकच घ्या, नाहीतर तुलनाच होणार नाही.

उधाण_भांग: एक राहिलं. खाडीचं तोंड जवळ असेल तर खारटपणा मोजा, पण लाटेच्या पाण्याचा नको. नमुन्याच्या जागी खड्डा खणून झिरपलेल्या पाण्याचा घ्या, जीव त्यातच राहतात. पावसाळ्यातले आकडे वेगळे ठेवा: वाळू वाहून जाते, गोडं पाणी येतं, वस्ती ऑक्टोबरनंतर हळूहळू भरते. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी ओहोटी सगळ्यात लांब जाते, तेव्हाच खालची पातळी हाती लागते.