मदत हवी आहे: फोर्ट भागात साधं वरण-भाताचं जेवण कुठे मिळेल?

मंडळी नमस्कार,

वडील (वय ७६) पुढच्या सोमवारी गावाहून मुंबईला निघतायत. जमिनीच्या दाव्याची हायकोर्टात तारीख आहे आणि ती पुढे सरकली तर आठवडाभर मुक्काम पडेल. राहायची सोय सीएसएमटीजवळ झाली आहे. काळजी आहे ती जेवणाची.

ते शाकाहारी आहेत, अर्धेअधिक दात गेलेत आणि तिखट-तेलकट अजिबात सोसत नाही. घरी त्यांचं ताट ठरलेलं: मऊ भात, त्यावर हिंग-हळदीचं वरण, चमचाभर तूप, लिंबाची फोड, दुधी नाहीतर पडवळाची भाजी आणि शेवटी ताक. एवढं मिळालं की माणूस खूश. पण हॉटेलात व्हेज थाळी मागवली की लाल रश्शात पनीर येतं आणि डाळीवर तेलाचा तवंग. दोन दिवस तसं खाल्लं की त्यांचं पोट बिघडतं आणि मग कोर्टात दिवसभर बसणं अवघड होतं.

मी पूर्वी फोर्टात नोकरीला होतो, पण तेव्हा गोमंतक खानावळीत मासळीची थाळी हाणायचो, त्यामुळे ती माहिती इथे उपयोगाची नाही. सीएसएमटीसमोरचं आराम हॉटेल ठाऊक आहे. तिथलं थालीपीठ नि पियूष त्यांना नक्की आवडेल, पण ते न्याहारीचं झालं. पंचमची पुरी-भाजी रोज झेपणार नाही. बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया हे पारशी हॉटेल मला फार प्रिय, पण ते दुपारपुरतंच उघडं असतं आणि वडिलांच्या कामाचं नाही.

कुणी घरगुती डबा देणारं आहे का? गिरगावातून फोर्टात पोचवत असतील तर उत्तमच. दर दिवसाचा असो वा आठवड्याचा, पैशांचा प्रश्न नाही. खानावळ असेल तर जिने किती हेही कृपया लिहा, त्यांचे गुडघे दुखतात.

प्रतिसाद १:

दादा, दुपारसाठी चर्चगेटचं सम्राट बघा. हायकोर्टातून ओव्हल मैदान ओलांडलं की जवळच आहे. गुजराती थाळी असली तरी काकांना चालेल, फुलके मऊ असतात आणि डाळ गोडसर. बसल्याबसल्या वाढप्याला सांगा की फरसाण, मिठाई नको, आधी कढी-खिचडी असेल तर ती वाढा. खिचडीवर तूप मागून घ्या.

कोर्टाला सुट्टी असेल त्या दिवशी माटुंग्याला रामा नायक यांच्या उडुपीत न्या, केळीच्या पानावर भात, सार, रसम, ताक पोटभर मिळतं. सीएसएमटीहून धीमी लोकल पकडा, स्टेशनच्या अगदी बाहेर आहे. जिना मात्र चढावा लागतो. सावकाश न्या आणि गर्दी व्हायच्या आधी पोचा.

डब्याचं माझ्या गिरगावातल्या मावशीला विचारते. त्यांच्या चाळीत एक काकू डबे करतात. काकांना कांदा-लसूण चालतो का, तेवढं कळवा.