शब्दचर्चा : 'कॉम्पिटिंग रिस्क'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न : खुब्याचा सांधा बदललेल्या पेशंटांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहितेय. त्यात 'इतक्या वर्षांत सांधा परत बदलावा लागण्याची शक्यता' असा एक आकडा आहे आणि तो कॉम्पिटिंग रिस्क (म्हणजे सांधा परत बदलायच्या आधीच पेशंट वारला, तर ती वेळच येत नाही) धरून काढलाय हेही सांगायचंय. 'स्पर्धक जोखीम' असं वाचलंय, पण पंच्याहत्तरीच्या आजोबांना त्यातून काय कळणार? दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद : जोखीम चालेल, पण 'स्पर्धक' नको. स्पर्धेत एकजण पहिला आला तरी दुसरा मागून पोचतोच, आणि इथे नेमकं तेच होत नाही, सांधा बदलायची वेळ यायच्या आधी माणूस गेला तर ती वेळ आता कधीच येणार नाही. मराठीत यासाठी 'आड येणं' आहे की! मी 'आड येणारी घटना' म्हणेन, पत्रकात तर सरळ 'त्याआधीच मृत्यू आला तर' असं लिहा.

हा नुसता शब्दाचा हट्ट नाहीये, आकडा बदलतो. समजा १०० पेशंट, सगळ्यांची शेवटपर्यंत नोंद आहे. आधी ४० जण सांधा परत न बदलता वारले, मग उरलेल्या ६० पैकी १२ जणांना बदलावा लागला. खरी शक्यता १०० पैकी १२, म्हणजे १२ टक्के. पण कॅप्लन-मायर (एखादी घटना किती काळात किती जणांना घडते ते काढायची १९५८ ची पद्धत, सगळीकडे तीच वापरतात) लावताना मेलेल्यांना सेन्सॉर्ड (म्हणजे पुढे काय झालं ते माहीत नाही असे) धरलं की ते ४० हिशोबातून गळतात आणि उत्तर येतं ६० पैकी १२, म्हणजे २० टक्के! पुढे बाकीचे ४८ पण वारले असं धरा आणि उलट बाजूने, सांधा परत बदललेल्यांना सेन्सॉर्ड धरून, मृत्यूची शक्यता काढा, ती येते १०० टक्के. २० आणि १०० मिळून १२०, हे कसं शक्य आहे? खरे आकडे १२ आणि ८८.

प्रतिसाद : वरचा हिशोब बरोबर, फक्त २० टक्के हा आकडा निरर्थक नाहीये. 'मरणच नसतं तर किती जणांना सांधा बदलावा लागला असता' याचं ते उत्तर आहे, तेही दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही असं गृहीत धरून. सांधा बनवणाऱ्याला कदाचित ते हवं असेल, आजोबांना नको.

आणि 'आड येणारी'बद्दल शंका आहे. त्यात एक घटना मुख्य आणि दुसरी मधे कडमडलेली असं होतं. मृत्यूच्या कारणांचा अभ्यास असेल तर कोण कोणाच्या आड? गणिती डॅनियल बर्नूलीने १७६० मधे पॅरिसच्या अकादमीपुढे हाच प्रश्न मांडला होता, देवीचा रोग नसता तर माणसं सरासरी किती जगली असती, आणि त्याचं उत्तर सुमारे तीन वर्षं जास्त असं आलं. तिथे देवी आणि बाकीची कारणं सगळी एका पातळीवर. म्हणून पाठ्यपुस्तकात 'स्पर्धक' राहू दे, पत्रकात 'आड येणारी' घ्या.

प्रश्नकर्ती : पटलं, दोघांचेही आभार. मग 'सेन्सॉर्ड'चं काय करू? लोकांना सेन्सॉर बोर्डच आठवतं.

प्रतिसाद : 'नोंद अर्धवट राहिलेला'. पेशंट गाव सोडून गेला, फोन लागत नाही, किंवा अभ्यासच संपला, पण त्याला सांधा बदलावा लागू शकतो, आपल्याला फक्त कळणार नाही. वारलेल्याची नोंद अर्धवट नाही, पूर्ण आहे. मराठी शब्द असा ठेवलात तर मेलेल्याला त्यात ढकलताना हात आपोआप थांबेल, इंग्रजी शब्दात ते जाणवतच नाही.

आकडा काढणाऱ्यांना सांगा की आलन-योहान्सनने (आड येणारी घटना धरून शक्यता काढायची १९७८ ची पद्धत) काढा. 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरच्या सर्व्हायव्हल पॅकेजमधे स्टेटसचा कॉलम फॅक्टर करून दिला, आणि त्यातली पहिली लेव्हल अर्धवट नोंदीची ठेवली, की त्यातलं सर्व्हफिट हे फंक्शन तेच काढतं.

प्रतिसाद : यात फाइन-ग्रे मॉडेल (१९९९) कुठे बसतं? त्यात तर वारलेल्यांनाही रिस्क सेटमधे (ज्यांना अजून ती घटना घडू शकते त्यांच्या गटात) ठेवतात, म्हणजे 'जोखमीत असलेले' हा शब्दच तिथे मोडतो.

प्रतिसाद : हो, तिथे 'जोखमीत असलेले' म्हणू नका, 'हिशोबात धरलेले' म्हणा. वय, वजन वगैरे बघून एकेका पेशंटची शक्यता सांगायची असेल तेव्हा ते मॉडेल कामाचं. एखाद्या गोष्टीने सांधा लवकर निकामी होतो का हे शोधायचं असेल तर मात्र प्रत्येक कारणाचा धोकादर (अजून ज्यांना काही झालेलं नाही त्यांना ते होण्याचा वेग) वेगळा बघा, आणि त्या दराला कृपा करून 'शक्यता' म्हणू नका.