मदत हवी आहे: वडिलांची परवान्याची बंदूक दुसऱ्या शेतकऱ्याला विकायची आहे, कागदपत्रं कशी करायची?

रातांबा:

नमस्कार. तळकोकणातल्या आमच्या गावी वडिलांच्या नावावर शेती संरक्षणाचा शस्त्र परवाना आहे. बंदूक एकनळी, बारा बोअरची, काडतुसाची. ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, नव्हे. आप्पा आता ७८ वर्षांचे आहेत. नजर कमी झाली, हात थरथरतो, रात्रीची राखण तर कधीचीच बंद झाली. मे महिन्यात घर नातवंडांनी भरलेलं असतं. बंदूक कपाटात कुलूपबंद असते, काडतुसं वेगळी असतात, तरी मुलं घरात खेळत असली की माझा जीव थाऱ्यावर नसतो. आप्पांनीच यंदा विषय काढला की कोणा गरजवंताला देऊन टाकू.

गरजवंत जवळच आहे. पलीकडच्या वाडीत आमच्या भावकीतले एक काका आहेत. त्यांच्या भातात आणि केळीत रानडुकरं घुसतात. त्यांच्याकडे परवाना आहे, पण ठासणीच्या बंदुकीचा. किंमत ठरली, दोन्ही घरं राजी आहेत. अडलंय ते कागदावर.

गावात सगळे एकच सांगतात: पाचशेचा स्टॅम्प आणा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, बंदूक देऊन टाका, परवान्यावरची नोंद मागाहून होईल. मला हे पटत नाही. उद्या त्या बंदुकीचं काही झालं आणि सरकारी दप्तरी ती आप्पांच्याच नावावर असली तर? या वयात त्यांनी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून जबाब द्यावा अशी वेळ मला येऊ द्यायची नाही.

आणखी एक गोष्ट अर्जाच्या तयारीत लक्षात आली. आप्पांनी बंदूक उघडून रिकामी असल्याचं दाखवलं, मी मोबाईलच्या उजेडात भिंग धरून नळीवरचा नंबर वाचला. शेवटचा आकडा इंग्रजी एक आहे. परवान्याच्या जुन्या हस्तलिखित पुस्तकात मराठी आकड्यांत नंबर लिहिलाय, तिथेही शेवटी १ आहे. पण अलीकडच्या नूतनीकरणानंतर मिळालेल्या छापील परवान्यावर शेवटी इंग्रजी नऊ आलाय. कोणीतरी मराठी १ बघून इंग्रजी नऊ टाइप केला असणार, दुसरं काय! बाकी सगळे आकडे जुळतात.

तर मला हे जाणून घ्यायचंय. विक्रीआधी कोणाला कळवायचं, पोलीस ठाण्याला की जिल्हाधिकारी कार्यालयाला? काकांचा ठासणीचा परवाना पुरेसा आहे का? नंबर आधी दुरुस्त करायचा की विक्रीच्या अर्जातच लिहायचं? मी ठाणे शहरात राहते, माझ्याकडे परवाना नाही. आप्पांच्या वतीने मी बंदूक काकांकडे पोचवू शकते का? ज्यांनी प्रत्यक्ष हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

गोफण:

इतकं घाबरायचं कारण नाही. आमच्याकडे भावकीत सर्रास असंच देतात. स्टॅम्प नोटरी करून घ्या म्हणजे झालं.

काळा कोट:

गोफण, कृपया असा सल्ला देऊ नका. नोटरी केलेल्या कागदाने शस्त्राचा ताबा कायदेशीर होत नाही.

रातांबाताई, शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५, पोटकलम २ नीट वाचा. स्वतःच्या खाजगी वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेलं शस्त्र विकायला विक्रेत्याचा परवाना लागत नाही, म्हणजे आप्पा विकू शकतात. पण बंदुकीच्या बाबतीत दोन अटी आहेत. विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना (म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांनाच) किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायचा. आणि कळवल्यापासून किमान ४५ दिवस उलटल्याशिवाय बंदूक हातातून सोडायची नाही. काडतुसांनाही हेच लागू आहे, म्हणून उरलेली काडतुसं सोबत देणार असाल तर तीही त्याच पत्रात लिहा.

हे न केल्यास विकणाऱ्याला कलम २५(३) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. घेणाऱ्याकडे परवाना आहे याची खात्री न करता शस्त्र ताब्यात देणं हा कलम २९ खाली वेगळा गुन्हा. घेणाऱ्याची स्थिती तर फार वाईट होते. विनापरवाना बंदूक बाळगल्याची किमान शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षं आहे, कमाल पाच. केळी वाचवायला गेलेल्या तुमच्या काकांना हे भोगायला लागू नये म्हणून सांगतोय.

कायद्यात 'किंवा' असलं तरी माझा आग्रह आहे की पत्र दोन्हीकडे द्या आणि दोन्हीकडची पोच घ्या.

जुना कारकून:

मी नोकरीतली बरीच वर्षं अशाच टेबलावर काढली. कोट दादांनी कायदा बरोबर सांगितला, मी टेबलाच्या बाजूने सांगतो.

आधी नंबर. हा दुरुस्त झाल्याशिवाय विक्रीचा अर्ज टाकू नका. कारण असं की, विक्रीच्या पत्रात तुम्ही खरा नंबर लिहिला तर तो दप्तराशी जुळत नाही, आणि छापील परवान्यावरचा लिहिला तर तो बंदुकीशी जुळत नाही. दोन्हीकडून फाइल अडते. मराठी १ चा इंग्रजी नऊ होणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, जुन्या नोंदवह्या संगणकावर चढवताना असे घोळ झालेत. परवाना देणाऱ्या कार्यालयात दुरुस्तीचा साधा अर्ज करा. सोबत जुन्या पुस्तकाच्या नंबर असलेल्या पानाची आणि मूळ खरेदी पावती असेल तर तिची प्रत जोडा. बहुतेक वेळा शस्त्र पोलीस ठाण्यात नेऊन प्रत्यक्ष नंबर तपासून अहवाल मागवतात. जुनं पुस्तक जिवापाड जपा, मूळ प्रत कोणाकडेही सोडू नका.

आणि एक अगदी महत्त्वाचं. नंबर पुसट असेल, गंजला असेल, तरी कानशीने घासणं, पुन्हा कोरून घेणं असलं काही गावातल्या लोहाराकडून चुकूनही करवून घेऊ नका. ओळखचिन्हात फेरफार करणं कलम ८ ने मना आहे. तेलाचा बोळा फिरवा, एवढंच.

छापील परवान्यावर युआयएन, म्हणजे राष्ट्रीय डेटाबेसचा विशिष्ट क्रमांक आहे ना ते बघा. आणि परवान्याची मुदत किती शिल्लक आहे? पूर्वी नूतनीकरण तीन वर्षांचं असायचं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच. मुदत मधेच संपणार असेल तर आधी नूतनीकरण. विकायचीच आहे तर कशाला, असा विचार करून लोक ते सोडून देतात आणि मग ताबाच बेकायदेशीर ठरतो.

रातांबा:

खूप खूप आभार. युआयएन आहे. मुदत अजून वर्षाहून जास्त आहे. मूळ पावती मात्र सापडत नाही. काकांच्या परवान्याबद्दल कोणी सांगेल का? ते म्हणतात, "माझ्याकडे एकच आहे, दोन चालतात, मग अडचण काय?"

काळा कोट:

दोन चालतात हे खरं. आधी तीन चालत, १४ डिसेंबर २०१९ पासून मर्यादा दोनवर आली. पण दोनचा अर्थ आपोआप कुठलीही दुसरी घेता येते असा नाही. घेतलेलं प्रत्येक शस्त्र परवान्यात बसलं पाहिजे. शेती संरक्षणासाठी कायदा मुळात ठासणीची बंदूकच धरून चालतो. ती पिकाच्या राखणीला पुरेशी नाही असं परवाना प्राधिकाऱ्याला परिस्थिती पाहून पटलं, तरच २० इंचांहून कमी नसलेल्या नळीच्या दुसऱ्या, आतून गुळगुळीत (आटे नसलेल्या) नळीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. म्हणजे काकांनी आधी स्वतःचा अर्ज करायचा: बारा बोअरची बंदूक परवान्यात समाविष्ट करावी, कारण अमुक. सातबारा, पिकाच्या नुकसानीचे पंचनामे झाले असतील तर त्यांच्या प्रती, हे सगळं त्यांना उपयोगी पडेल. त्यावर पोलिसांचा अहवाल येणार आणि मग निर्णय.

आप्पांचे ४५ दिवस आणि काकांची मंजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ४५ दिवस संपले पण काकांची मंजुरी आली नसेल तर बंदूक आप्पांकडेच राहणार.

काकांना हेही सांगा की बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. त्यासाठी वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची स्वतंत्र परवानगी लागते. नुसता बार काढून पळवणं आणि गोळी घालणं यांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

भातखाचर:

आम्ही हे केलंय म्हणून लिहितोय. आमच्या काकांची बंदूक होती, विक्री ठरली, पत्र दिलं, आणि मधेच निवडणूक लागली. आचारसंहितेत शस्त्रं जमा करण्याचा आदेश आला, बंदूक पोलीस ठाण्यात गेली आणि व्यवहार लांबला. जमा करावी लागली तर पावतीवर नंबर, बोअर, सोबतचे पट्टे-पिशवी सगळं लिहून घ्या. परत घेताना तीच पावती लागते. तुमच्याकडे येत्या काळात कुठली निवडणूक आहे का ते बघून तारखा ठरवा.

दुसरं, विक्रीच का करताय? नियमांत वारसाला देण्याची सोय आहे. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगून झालं, यांपैकी जे आधी होईल तेव्हा हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. शस्त्र नियम २०१६, नियम २५. तुमचे आप्पा दोन्ही दृष्टीने बसत असतील. मुलीलाही करता येतो.

रातांबा:

हे माहीत नव्हतं, सांगितल्याबद्दल आभार. पण आम्ही भावंडांत बोललो. आमच्यापैकी गावात राहणारं कोणी नाही, शेती करणारं नाही. ज्या घरात तिचा उपयोग नाही तिथे ती नावावर ठेवायची, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं, हे आम्हाला कोणालाच नको आहे. शेतात उभं राहणाऱ्याच्या हाती गेलेलीच बरी. आप्पांचंही तेच म्हणणं आहे.

जुना कारकून:

योग्य विचार आहे. मग एक काळजी घ्या. मला अशुभ बोलायचं नाही, पण वय पाहता सांगणं भाग आहे. प्रक्रिया चालू असताना आप्पांचं काही बरंवाईट झालं तर बंदूक घरात ठेवता येणार नाही. विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची. कलम २१ प्रमाणे वारसांना नंतर ती परवाना असलेल्या माणसाला विकण्याची मुभा आहे आणि पैसे वारसांनाच मिळतात, पण नियमात ठरलेल्या मुदतीत हालचाल केली पाहिजे. घरातल्या सगळ्यांना हे आत्ताच सांगून ठेवा. दुःखाच्या दिवसांत कपाटातल्या बंदुकीकडे कोणाचं लक्ष जात नाही, आणि तिथेच चांगली घरं अडचणीत आलेली मी पाहिली आहेत.

पोचवण्याबद्दल: तुम्ही एकट्याने न्यायची नाही. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने दुसऱ्याला बंदूक नेता येते, पण ती दुरुस्तीसाठी, परवाना नूतनीकरणासाठी किंवा त्याच्याच वापरासाठी. विकलेली बंदूक पोचवणं त्यात बसत नाही. पलीकडचीच वाडी आहे ना? मंजुरी आल्यावर काकांनाच आपला परवाना घेऊन तुमच्या घरी येऊ द्या. आप्पांच्या ओटीवर, आप्पांच्या हातून ताबा. ताबापावतीवर तारीख आणि वेळ घाला. मग दोघांनीही परवाने घेऊन कार्यालयात जायचं. आप्पांच्या परवान्यावरून शस्त्र कमी झाल्याची नोंद आणि काकांच्या परवान्यावर चढल्याची नोंद, दोन्ही डोळ्यांनी बघितल्याशिवाय काम झालं असं समजू नका.

आंबेमोहोर:

थोडी भर. हे सगळं गावासाठी झालं. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात (मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे वगैरे) परवान्याचा कारभार आयुक्त कार्यालयात चालतो. हे वाचणारे शहरातले कोणी असतील तर त्यांनी पत्र तिकडे द्यावं. आणि पैसे रोख घेऊ नका, बँकेतून घ्या, तेही ताबा देताना. आधी पैसे घेतले की बंदूक लवकर द्यायची भीड पडते, भावकीत तर जास्तच.

रातांबा:

सगळ्यांचे मनापासून आभार. नंबर दुरुस्तीचा अर्ज पुढच्या खेपेला देतेय. काका त्यांचा अर्ज लिहायला बसलेत. नंबर सुधारून आला की द्यायचं पत्र आत्ताच लिहून ठेवलंय, काही चुकत असेल तर सांगा:

"प्रति, मा. जिल्हादंडाधिकारी. विषय: शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५(२) अन्वये शस्त्रविक्रीबाबत सूचना. महोदय, मी खाली सही करणार, परवाना क्रमांक ___, युआयएन ___, वय ७८, शेती संरक्षणासाठी एकनळी बारा बोअर बंदूक क्रमांक ___ बाळगून आहे. वयोमानामुळे मला ती वापरणे शक्य नाही. सदर बंदूक मी श्री. ___, राहणार ___, परवाना क्रमांक ___ यांना विकली असून ४५ दिवसांनंतर ताबा देणार आहे. तरी माहितीस्तव सादर. प्रत: प्रभारी अधिकारी, पोलीस ठाणे ___."

काळा कोट:

पत्र चांगलं आहे, एकच वाक्य बदला. "विकली असून" अजिबात नको. कळवण्याआधीच विकल्याची ती लेखी कबुली ठरते. "विकण्याचा माझा इरादा आहे, विहित ४५ दिवसांचा कालावधी पूर्ण झाल्यावर आणि खरेदीदाराच्या परवान्यात सदर शस्त्रास मंजुरी मिळाल्यावरच ताबा देईन" असं लिहा. काडतुसांची संख्या राहिली आहे, तीही घाला. छापील परवान्याची प्रत जोडा. पोच घेताना नुसता शिक्का नको, त्यावर आवक क्रमांक आणि तारीख हवी, कारण ४५ दिवस त्या तारखेपासून मोजले जातील.